तुकाईच्या निजेचे दिवस

करंजहाळ, सोमवार, २४ जून १९५७

प्रथम क्षमा मागते. कोणाची, हे नीट सांगता येणार नाही. बहुधा या कोऱ्या पानांचीच. दैनंदिनी लिहावी ती ज्यांच्या हातून काही घडले आहे अशा माणसांनी, अशी माझी समजूत आहे. माझ्या हातून आजवर परीक्षांखेरीज काहीही घडलेले नाही. मॅट्रिकला मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आले, त्याचे श्रेयही पाठांतराला द्यावे लागेल. तरी लिहिण्याचे धाडस करते, कारण येथे मनातले बोलण्यासारखे कोणी नाही; आणि असते तरी मी बोलले नसते.

नळदुर्गाच्या पुढे हैद्राबाद रस्त्यावर मोटारीतून उतरून, काळ्या रानातून तासभर चालले की हे गाव येते. मुलांची शाळा चावडीत भरते. तेथे मुली पाठवायला एकही आई तयार नाही. म्हणून नव्या सरकारने मुलींचा वेगळा वर्ग मंजूर केला, तोही तात्पुरता. गावाने त्यासाठी तुकाईच्या देवळाचा सभामंडप दिला आहे. तुकाई म्हणजे आमची तुळजाभवानीच, या बाजूला तिला या नावाने हाक मारतात. पावसाळ्यानंतर तपासणी होईल. तपासनिसांचा अहवाल चांगला गेला तर वर्ग कायम होईल. नाही तर मुली घरी आणि मी तुळजापूरला. तेथे बाबांनी एक स्थळ पाहून ठेवलेले आहे. बाबा तहसिलीत कारकून आहेत. निघताना म्हणाले, "प्रभा, तू जाऊन ये. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगतो."

राहते सारजाबाईंकडे. तुकाईची पूजा त्यांच्या घराण्यात आहे आणि घरात त्या एकट्याच आहेत. वय साठीचे असावे. माझा स्वयंपाक मी वेगळा करते; बाबांची तशी अट आहे. सारजाबाईंनी दुसरी चूल सारवून दिली.

सोमवार, ८ जुलै

अकरा मुली आल्या आणि चार परत गेल्या. माझा आवाज तिसऱ्या ओळीच्या पुढे पोहोचत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आज लिंबाजी पाटील मंडपाच्या पायरीशी बराच वेळ उभे होते. मग मोठ्याने म्हणाले, "बाई, तुमी शिकवताव का कानात मंतर सांगताव?" मुली हसल्या. माझ्या हातातला खडू खाली पडला.

संध्याकाळी सारजाबाईंना म्हणाले, "माझ्याने हे काम होणार नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही."

त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "मोठ्यानं बोलायला तू काय गुरं हाकतीस, पोरी?"

शाळेत त्या मला 'बाई' म्हणतात आणि उंबऱ्याच्या आत 'पोरी'. 

सोमवार, १९ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिले नाही, लिहिण्यासारखे नव्हते. मुली आता चौदा आहेत. इरम्मा सर्वांत हुशार. तिच्या घरी कानडी बोलतात, पण ती मराठी वाचताना एकदाही अडखळत नाही. अडखळते ती मी.

आज एक नवीन विद्यार्थिनी आली, पण तिचे नाव हजेरीत घालता येत नाही. गजराबाई माझ्याच वयाची, लग्न होऊन तीन वर्षे झालेली. पाण्याला जाताना घागर बाहेर ठेवून खांबाआड बसते आणि जमिनीवर बोटाने 'ग' काढते. आजही काना द्यायच्या आतच आडाकडून तिच्या सासूची हाक आली. सखूबाईंचा आवाज माझ्या दसपट आहे. "ए गजरेऽ! मेलीस का गं तितंच?"

गजराबाई उठता उठता म्हणाली, "आत्याबाईंची हाक झोपेतसुदिक ऐकू येती बघा. पहाटं डोळा लागला की हाक. लेकराला घिऊन लवंडलं की हाक."

मी म्हणाले, "सांगावे त्यांना, दमले म्हणून."

ती हसली. "सांगून काय व्हतंय? सारजामावशीची सून तापानं फणफणली व्हती, तिनं सांगितलं व्हतं. हाक आली तशी उठली, जात्याला बसली, आन् जात्यावरच गेली. लई वर्सं झाली. तुळजा नाव व्हतं तिचं. मी ऐकलंय."

फार वाईट वाटले. सारजाबाईंना एक सून होती, हे मला ठाऊकच नव्हते. त्यांच्या घरात दळायचे जाते आहे खरे, पण ते भिंतीला उभे टेकवलेले असते आणि त्याला रोज कुंकू लावतात. पीठ त्या शेजारून दळून आणतात, वयामुळे असावे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

तपासणीचे पत्र काल आले. बुधवार, १८ सप्टेंबर. तपासनीस श्री. अंबादासराव धाराशिवहून येणार. मुलींचे प्रकट वाचन, पाढे व कविता यांची परीक्षा घेतली जाईल, असे लिहिले आहे. 'प्रकट' या शब्दापाशी मी थांबले.

रात्री झोप लागली नाही. आढ्याचे वासे मोजत राहिले. सकाळी चुलीशी बसले असता भाकरी करपली. सारजाबाईंनी त्यांच्या तव्यावरची एक माझ्या ताटात टाकली. मी खाल्ली. बाबांना कळवण्यासारखे हे आहे की नाही, याचा विचार करते आहे.

सोमवार, १६ सप्टेंबर. भाद्रपद वद्य अष्टमी

आजचे नीट लिहून ठेवले पाहिजे.

आमच्या तुळजापुरात आजच्या दिवशी भवानी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, ती घटस्थापनेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर बसते. पुढे नऊ दिवस महिषासुराशी लढायचे असते, म्हणून ही आधीची विश्रांती. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून गर्दीत मी काही दिसते का ते पाहिले होते. दिसले ते लोकांचे फेटे. येथे सर्व माझ्या समोर, हाताच्या अंतरावर झाले.

तुकाईची मूर्ती काळ्या दगडाची, दीड वितीची, उचलता येते. सारजाबाईंनी तिला तेल लावले, कोमट पाण्याने न्हाऊ घातले, पदराने टिपले. मग बाळंतिणीला उचलावे तसे मानेखाली हात घालून उचलले आणि बाभळीच्या लहानशा बाजेवर निजवले. वर वाकळ घातली. त्या वाकळेत गावातल्या प्रत्येक घरच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा असतो. सखूबाईंनी आपला हिरवा तुकडा बोटाने दाखवला: "ह्यो माजा. लग्नातल्या लुगड्याचा." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले.

मग पाटलांनी घंटेचा लोलक चिंधीने बांधला आणि वळून म्हणाले, "आता घटापातुर देवळात कुनाचा आवाज नको. आन् निजल्या बाईला कुनी हाक मारायची न्हाय. देवळात न्हाय, घरात न्हाय, रानात न्हाय."

मला वाटले, माझी ऐकण्यात चूक झाली. सारजाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "देवी निजली की ती कुनाच्या रूपानं निजलीया, ते कसं कळावं? आपुन सुनंला हाक मारावी आन् उठावी तिनं. मग नऊ दिस कोन लढंल?"

"म्हणजे कोणत्याही बाईला उठवायचे नाही?"

"आपनहून उठंल तवा उठंल."

मी म्हणाले, "पण परवा तपासणी आहे. मुलींना मोठ्याने वाचायचे आहे."

"शाळा भरू दे की. आवाज नको."

धर्मग्रंथांत याला आधार असेल का? बाबांना आजच पत्र टाकले आहे. तुळजापुरातली अशी एखादी रीत त्यांच्या ऐकण्यात असल्यास कळवतील.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज माझ्या अध्यापनाविषयी एक कटू सत्य कळले.

दुपारी, पाण्याच्या वेळेला, सात-आठ बायका मंडपात आल्या. मला आनंद झाला. वाटले, आपल्या लेकी काय शिकतात ते पाहायला आल्या. मी धडा वाचायला घेतला. पहिले पान संपायच्या आत गजराबाई खांबाला टेकून झोपली. दुसऱ्या पानाला आणखी चौघी आडव्या झाल्या. धडा संपला तेव्हा पदर तोंडावर घेऊन सगळ्या गाढ झोपल्या होत्या. माझे वाचन कंटाळवाणे आहे, हे मी ऐकून होते. इतके असेल असे वाटले नव्हते.

थोड्या वेळाने सखूबाई आल्या. पायरीवर कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. सुनेकडे पाहिले. तोंड उघडले. मंडपातल्या सगळ्या मुली त्यांच्याकडे पाहत होत्या. सखूबाईंनी तोंड मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मग माझ्याजवळ येऊन दातओठ खात कुजबुजल्या, "हिला म्हनावं, वैरन राह्यलीया," आणि आपणच वैरणीला गेल्या.

इरम्माने विचारले, "बाई, तुकाई घोरती का?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग ह्या का घोरत्यात?"

एक गोष्ट मात्र चांगली घडली. मंडपात मोठ्याने बोलायचे नसल्यामुळे मुली माझ्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि प्रथमच शेवटच्या मुलीपर्यंत माझा शब्द पोहोचतो. आज एकीनेही "काय म्हणलाव बाई?" असे विचारले नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

पहाटे उठून मंडप झाडला. मुलींच्या वेण्या घातल्या. दिवसभर वाट पाहिली. साहेब आले नाहीत. वरच्या ओढ्याला पाणी आले आहे असे कळले. आज येतील, उद्या येतील, केव्हाही येतील.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आले नाहीत. कालही नाही. सलग तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. कंदील विझवला की 'प्रकट वाचन' ही अक्षरे दिसतात.

दुपारी बायका येतातच. आज तेरा होत्या. मी वाचणे बंद करून पाहिले, तरीही झोपल्या. माझ्या वाचनाचा त्यात दोष नसावा, एवढे समाधान.

पाटलांना सहज विचारले, ही रीत फार जुनी का? त्यांनी डोके खाजवले. "देवी निजवायची रीत जुनीच. आज्याच्या आज्यापासनं. पन हाक न मारायचं... माज्या ल्हानपनी असं काय नव्हतं बा. सारजाबाईच्या सपनात देवी आली, त्याला झाली असत्याल पंधरा-सोळा वर्सं. निजामाचं राज हुतं." मग म्हणाले, "बायको तवापासनं ह्या दिसात दुपारची निजती. उठली की जरा ग्वाड बोलती. म्या काय इचारपूस केली न्हाय."

शनिवार, २१ सप्टेंबर

लाज वाटते. तरी लिहिते.

शनिवारची सकाळची शाळा. मुलींना पाटीवर गणिते घालून दिली आणि खांबाला पाठ टेकवून जरा बसले. पुढचे मला काही आठवत नाही. जे लिहिते ते इरम्माने आणि पाटलांनी सांगितलेले आहे. दोघांचे जेथे जुळत नाही तेथे मी इरम्मावर विश्वास ठेवला आहे.

साहेब चिखलाने भरलेल्या बुटांनी आले. पायरीवरूनच त्यांनी विचारले, "शिक्षिका कुठे आहेत?" इरम्माने तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे दाखवले.

"झोपल्या आहेत? उठवा त्यांना!"

पाटील धावत आले. "हळू, साहेब. उठिवता येत न्हाय."

"का? शुद्धीवर नाहीत का?"

"हायेत की. निजल्यात."

"मग हाक मारा."

"देवी निजली असताना निजल्या बाईला हाक मारत न्हाईत आमच्यात. कोन निजलंया ते सांगता येत न्हाय."

"कोण म्हणजे? त्या चंद्रप्रभाबाई आहेत. माझ्याजवळ नेमणुकीचा कागद आहे."

"कागदावर त्या असत्याल, साहेब," पाटील म्हणाले. "हितलं मला म्हाईत न्हाय."

साहेब स्वतःच हाक मारणार होते, तेवढ्यात सारजाबाई त्यांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.  तेथेच घोंगडी अंथरली. इरम्मा म्हणते, साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि बूट काढले.

त्यानंतर तपासणी झाली. इरम्मा साहेबांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या कानाशी धडा वाचला. मग दुसरी, मग तिसरी. साहेबही कुजबुजत प्रश्न विचारू लागले. तेराचा पाढा असा कानात म्हटलेला त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकला असेल. एकदा त्यांना शिंक आली, ती त्यांनी उपरण्यात दाबली. त्यावर सगळ्या मुली तोंडे दाबून हसल्या, आणि इरम्मा म्हणते, साहेबसुद्धा हसले.

मी जागी झाले तेव्हा ऊन मंडपाच्या मध्यावर आले होते. अंगावर कोणाचे तरी लुगडे पांघरलेले होते. समोर घोंगडीवर एक अनोळखी गृहस्थ चौदा पाट्या मांडून बसले होते.

त्यांनी विचारले, "आपण आजारी आहात का?"

त्यांच्या पाठीमागे पाटील जोरजोराने मान हलवत होते, 'व्हय म्हना, व्हय म्हना'. साहेबांचा स्वर कठोर नव्हता. त्यांनाही 'होय' हेच ऐकायचे असावे, असे आता वाटते.

मी म्हणाले, "नाही. मला झोप लागली."

ते उठले. बाहेर, देवळापासून दूर आल्यावरच त्यांनी आवाज चढवला. "मुली उत्तम वाचतात. तसे मी लिहीन. परंतु शाळेच्या वेळेत झोपलेल्या शिक्षिकेचा वर्ग कायम करा, असे मी वर कोणत्या तोंडाने लिहू? लेखी खुलासा द्या. तीस तारखेपर्यंत माझ्या हाती पडला पाहिजे. खुलाशावर माझे समाधान झाले तर वर्ग राहील. नाही तर या महिनाअखेर बंद." त्यांनी तीन प्रश्न लिहून दिले. शाळेच्या वेळेत झोपण्याचे कारण काय. उपस्थितांनी का उठवले नाही. उठवू नये अशी प्रथा असल्यास ती केव्हापासून, व तिला आधार काय.

लुगडे सखूबाईंचे होते.

रविवार, २२ सप्टेंबर

सकाळपासून सारजाबाईंच्या ओसरीवर माणसे येत आहेत.

पाटील म्हणाले, "ताप आल्ता म्हनून लिवा. वैद्याचं म्या बघतो. आमी समदे अंगठं देताव."

मी म्हणाले, "मला ताप नव्हता. आणि ते मी साहेबांना तोंडाने सांगितले आहे."

"तवा तुमी झोपंत व्हताव. झोपंतल्या बोलन्याला काय धरायचं?"

सखूबाई म्हणाल्या, "तिसऱ्या सवालाला लिव, माज्या सासूच्या सासूच्या सासूपासनं हाय ही रीत. म्या शपथ घेती." मग पाटलांकडे पाहत म्हणाल्या, "काय बघताव? म्याबी निजती दुपारची. का, मला हाडं न्हाईत?"

सगळे गेल्यावर गजराबाई मागे राहिली. ती रडत नव्हती, पण घागरीच्या काठावरून बोट फिरवत होती. "बाई, सरकारनं इचारलंय न्हवं, आधार काय म्हनून? आधार न्हाय असं तुमी लिवलाव, तर तो कागद चावडीवर वाचून दावत्याल. मग आमचे मालक म्हनत्याल, बघा, सरकारच म्हनतंय खोटंय म्हनून. मग ते दिस गेले. वर्साचे आठ दिस हायेत, बाई. तेवढेच हायेत."

 वर्ग वाचवायचा तर साहेबांचे समाधान व्हायला हवे. साहेब शिकलेले आहेत. 'गावकऱ्यांचे अज्ञान' असे लिहिले तर त्यांचे समाधान होईल. आणि तसे लिहिले, तर गजराबाईचे काय?

सारजाबाई आत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि विचारले, "सारजाबाई, खरे सांगा. ही रीत कोणी घातली?"

"देवीनं."

"देवीने कोणाला सांगितले?"

त्यांचा हात सुपात थांबला. "जी जागी व्हती तिला."

"पाटील तर म्हणाले, स्वप्नात आली होती."

"गडीमानसाला सपान सांगितलं की लवकर पटतंय."

एवढे बोलून त्या उठल्या आणि भिंतीशी गेल्या. जात्याचे कुंकू पुसट झाले होते, ते पुन्हा लावले. मला त्यांचे उत्तर नीटसे उमगले नाही. पण दुसऱ्यांदा विचारावे असेही वाटले नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर, घटस्थापना

पहाटे तुकाईला उठवले. कोणी हाक मारली नाही. सारजाबाई बाजेजवळ दिवा घेऊन बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "उठली." कशावरून, ते मी विचारले नाही. मूर्ती आसनावर बसवली, घट मांडला, माळ चढवली. पाटलांनी लोलकाची चिंधी सोडली. 

दिवस वर यायच्या आत आडाकडून हाक आली, "ए गजरेऽ!" पण आज पुढचे शब्द नव्हते. गजराबाई खांबाजवळून उठली. मला म्हणाली, "गळा बसलाय वाटतं आत्याबाईंचा." आठ दिवस कुजबुजल्यावर तसे होणे शक्य आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

बाबांचे पत्र आले. अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखे. लिहितात: "निद्राकालाविषयी विचारलेस. श्रीभवानीच्या निद्रेचे विधी येथे परंपरेने चालतात, परंतु निजलेल्या कोणत्याही स्त्रीस उठवू नये अशी रीत येथे ऐकिवात नाही. जाणत्या दोघांना विचारले, पोथीतही नाही. तपासणीचा प्रकार तुझ्या दुसऱ्या पत्रावरून कळला. चि. प्रभा, तू सरळ लिही की गावकऱ्यांच्या अज्ञानामुळे हे घडले. तुझ्यावर ठपका येणार नाही. वर्ग बंद झाला तरी वाईट वाटून घेऊ नकोस. मंडळी दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. तुझी आई तुझी अंथरुणे उन्हात घालते आहे." शेवटी, ओळ सोडून: "तुझ्या आईलाही हे पत्र वाचून दाखवले. तिने हातातली उशी खाली ठेवली. मग म्हणाली, ते गाव कुठे आहे?"

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. बाबा खोटे लिहीत नाहीत. आधार नाही.

तीन कच्चे मसुदे केले आणि फाडले. पहिल्यात ताप होता, दुसऱ्यात अज्ञान, तिसऱ्यात सखूबाईंच्या सासूची सासू. तिन्हींचे मराठी निर्दोष होते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आज मुलींना सुट्टी देऊन दिवसभर लिहिले. सारजाबाईंनी दोन वेळा जेवण आणून ठेवले. माझी चूल गेले पंधरा दिवस पेटलेली नाही, हे आज लक्षात आले. बाबांना हेही एकदा लिहावे लागेल.

खुलाशाची नक्कल येथे उतरवून ठेवते.

"मा. तपासनीससाहेब यांस सविनय सादर.

"एक. शाळेच्या वेळेत झोप लागण्याचे कारण असे की आपल्या तपासणीच्या भीतीने मला बरेच दिवस झोप आली नव्हती. मी आजारी नव्हते. हा दोष माझा आहे. त्यासाठी माझ्या जागी दुसरी शिक्षिका नेमावी असे आपणांस वाटल्यास माझी तक्रार राहणार नाही. मात्र वर्ग बंद करू नये, आणि तो देवळाच्या मंडपातून हलवू नये, ही विनंती. मुली येथेच येतात. त्यांच्या आयाही येथेच येतात.

"दोन. उपस्थितांनी मला उठवले नाही, यात त्यांचे अज्ञान नाही. मी कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही, देवी कोणाच्या रूपाने निजली असेल हे सांगता येत नाही, असे येथे मानतात, आणि या दिवसांत निजलेल्या स्त्रीला त्या शंकेचा लाभ देतात. आपणही मला हाक मारली नाहीत. त्याबद्दल मी आपली ऋणी आहे.

"तीन. ही प्रथा मी या गावी येण्यापूर्वीपासून आहे. त्याआधी किती, हे विचारण्याचे मी सोडून दिले आहे. तिला ग्रंथाचा आधार मी शोधला, मिळाला नाही. तुळजापूरच्या जाणत्यांनाही ठाऊक नाही. आपण आधार विचारला आहे, म्हणून मला जो ठाऊक आहे तो लिहिते. मी पुष्कळ वर्षे पहिली येत आले. पहाटे उठवले जाई, रात्री जागवले जाई. घरच्यांच्या मनात माझे भलेच होते. त्या शनिवारी मी आपल्यासमोर दोषी अवस्थेत झोपले होते, आणि एक अख्खे गाव माझ्यासाठी गप्प राहिले. मी आपणहून जागी झाले. असे माझ्या आयुष्यात पूर्वी कधी झाले नव्हते. जागी झाल्यावर आपण प्रश्न विचारलात, तेव्हा खोटे बोलावे असे मला वाटले नाही, आणि भीतीही वाटली नाही. याहून दुसरा आधार मजपाशी नाही.

"पुढील वर्षीची तपासणी आपण याच दिवसांत ठेवावी. दुपारच्या वेळी यावे, आणि बूट पायरीशी काढावेत.

"आपली नम्र, चंद्रप्रभा गोपाळकृष्ण."

शनिवार, २८ सप्टेंबर

गजराबाईला खुलासा वाचून दाखवला. तिसरे उत्तर संपल्यावर ती म्हणाली, "ह्येच्यावर अंगठा चालंल का माजा?"

मी म्हणाले, अंगठ्याची गरज नाही. तिने टाक घेतला आणि माझ्या सहीखाली, कागदाच्या अगदी कडेला, 'गजरा' लिहिले. 'रा'चा काना थोडा लांब गेला. तो मी तसाच राहू दिला. सरकारी कागदावर दुसऱ्याचे नाव चालते की नाही, ते साहेब ठरवतील.

आम्ही दोघी चालत नळदुर्गाला आलो. सखूबाई आडावर होत्या. त्यांनी सुनेला जाताना पाहिले आणि आपणच पोहरा आडात सोडला.

पत्र नोंदणी टपालाने धाराशिवला पाठविले. शनिवार, २८ सप्टेंबर १९५७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.